टॅक्स आपला, पेन्शन कुणाची?

मागच्या अंकात घरटॅक्सच्या डिमांडवरचे, म्हणजे बिलावरचे, रकाने कसे वाचायचे ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत: आम्ही भरतो तो पैसा नागपूर मनपाच्या निवृत्त लोकांनाच जातो का? मी स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी केली, विदर्भातल्या नगर परिषदांची दप्तरं तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून फक्त वस्ती देते. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

ताई, मानेवाड्याला माझं किराणा दुकान आहे आणि वर घर. दोन्हीचा टॅक्स मी वेळेत भरतो. पण गल्लीतल्या रस्त्याचं विचारलं की ‘निधी नाही’ हेच उत्तर. टपरीवर सगळे म्हणतात, पैसा सारा पगार आणि पेन्शनमध्येच जाते. आमच्या पैशातला किती हिस्सा रिटायर लोकांना जाते, सांगाल का?

भाऊ, मनपाची तिजोरी एकट्या घरटॅक्सवर चालत नाही, हे आधी ध्यानात घ्या. पूर्वी ती जकातीवर चालायची. शहराच्या वेशीवर नाके होते, ट्रक थांबायचे, रोजची रोकड यायची. 1 एप्रिल 2013 ला नागपुरातली जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाल्यावर पालिकांच्या हातचं हे साधन कायमचं गेलं. त्याच्या बदल्यात राज्य शासन दर महिन्याला भरपाईचं अनुदान देतं, आणि 2017 च्या कायद्याने त्यात दरवर्षी 8 टक्के वाढ धरली आहे. आज मनपाच्या महसुली उत्पन्नात हाच आकडा सगळ्यांत मोठा असतो. घरटॅक्स त्याच्या पुष्कळ खाली येतो.

पण म्हणून तो पैसा मुंबईचा झाला असं समजू नका. तुमच्या दुकानातून कोणी साबणाची वडी नेली, बिस्किटाचा पुडा नेला, तर त्यावरच्या जीएसटीतूनच हे अनुदान निघतं. डिमांड नोट हातात न घेणारा भाडेकरूसुद्धा मनपाला पैसे देत असतो. ‘टॅक्स भरणारे आम्ही’ म्हणताना त्यालाही मोजायला हवं.

तुमच्या दोन डिमांड शेजारी-शेजारी ठेवून पाहा. दोन्हींवर राज्य शिक्षण कर दिसेल, आणि दुकानाच्या डिमांडवर रोजगार हमी कर. हे दोन्ही मनपा फक्त वसूल करते आणि शासनाकडे भरते. त्यातला पैसा मनपाच्या पगारालाही लागत नाही आणि पेन्शनलाही नाही. वृक्ष कर झाडांच्याच कामासाठी असतो. सामान्य कर मात्र मनपा निधीत पडतो, आणि तिथे एकदा पडला की अनुदान, बांधकाम परवानगीची फी, मुद्रांक शुल्कावरचा अधिभार या सगळ्यांत मिसळून जातो. त्यामुळे ‘माझ्या हजारातले अमुक रुपये पेन्शनला’ असं कोणी सांगत असेल तर ते सरासरीचं गणित आहे, तुमच्या पावतीचा माग नव्हे.

आता खर्च. बजेटमध्ये आस्थापना खर्च असतो, त्यात पगार, भत्ते आणि निवृत्तिवेतन येतं. हा खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवा असं शासनाचं बंधन आहे, आणि तो वर गेला की नवीन भरतीला परवानगी मिळणं अवघड होतं. कागदावर हा नियम शहाणपणाचा दिसतो. प्रत्यक्षात त्याने काय झालं? माणसं निवृत्त होत गेली, जागा रिकाम्या राहिल्या आणि काम कंत्राटावर गेलं. नोव्हेंबर 2019 मध्ये आपल्या शहरातल्या दहा झोनचा कचरा उचलण्याचं काम दोन खासगी कंपन्यांकडे गेलं, पाच-पाच झोन वाटून. पाण्याची व्यवस्था 2012 पासून 25 वर्षांच्या करारावर आहे. शहर बसही कंत्राटदारच चालवतात. तुमच्या दारात रोज कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्या माणसाची मजुरी पगाराच्या रकान्यात कुठेच दिसणार नाही, ती घनकचऱ्याच्या बिलात असते. म्हणजे आस्थापना खर्चाची टक्केवारी कमी दिसली तरी माणसांवरचा खर्च कमी झाला असं होत नाही, त्याने फक्त रकाना बदललेला असतो. उरतात ते कायम कर्मचारी आणि पेन्शनर, म्हणून टपरीवर बोटही त्यांच्याकडेच जातं.

पेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काम होऊन गेलंय, आणि त्याच्या मोबदल्याचा एक भाग म्हातारपणी देऊ असं सांगून तो मागे ठेवला होता. इतवारी, महाल, गांधीबागचे रस्ते ज्यांनी 1990 च्या दशकात झाडले त्यांचा तो पैसा आहे. रस्ते तेव्हा आपण वापरले. आज त्यांना ‘बोजा’ म्हणणं मला पटत नाही.

शिवाय ही यादी कायम वाढत राहणारी नाही. जुन्या पेन्शनचे नियम मुळात 31 ऑक्टोबर 2005 पर्यंत लागलेल्यांसाठी आहेत. त्या वेळी कोणी विसाव्या वर्षी नोकरीला लागला असेल तर तो 58 व्या वर्षी, म्हणजे 2043 मध्ये निवृत्त होईल. त्याच्यासारखे शेवटचे लोक निवृत्त झाले की या यादीत नवीन नाव चढणार नाही. तोवर दरवर्षी किती जण निवृत्त होणार, हे आस्थापना विभागाला आजच सांगता येतं, कारण जन्मतारीख नोकरीच्या पहिल्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेली असते. पालिकेच्या खर्चात इतकी आधी कळलेली दुसरी बाब नाही. पाऊस किती पडेल आणि किती खड्डे होतील हे कोणी सांगू शकत नाही, पण 2031 च्या जूनमध्ये कोण निवृत्त होणार हे सांगता येतं.

मग अडतं कुठे? बाजूला पैसा ठेवण्यात. बहुतेक पालिकांत पेन्शन चालू वर्षाच्या उत्पन्नातून दिली जाते. ज्या वर्षी जास्त लोक निवृत्त होतात त्या वर्षी उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचे पैसे, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) सगळं एकदम अंगावर येतं आणि मग खरोखरच रस्त्याचं काम मागे पडतं. विदर्भातल्या एका नगर परिषदेचं दप्तर तपासताना मला रोकडवहीत निवृत्तांच्या उपदानाची थकबाकी पेन्सिलीने लिहिलेली सापडली. नाव, रक्कम, तारीख सगळं नीट, पण पेन्सिलीने. बाकी वही निळ्या शाईत. शाईने लिहिलं असतं तर ती रक्कम देणी म्हणून ताळेबंदात धरावी लागली असती. मी तसा शेरा मारला. पुढच्या वर्षी आमचं पथक गेलं तेव्हा त्या ओळी खोडरबराने पुसलेल्या होत्या आणि त्यांतले काही लोक अजून खिडकीपाशी येतच होते. तेव्हापासून मी कोणत्याही पालिकेचे हिशेब पाहताना आधी देणी पाहते, मग उत्पन्न.

आपली मनपा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतली, आणि त्या योजनेत द्विनोंद लेखापद्धती ही अटच होती. त्या पद्धतीत पुढे द्यायची पेन्शन आजच देणी म्हणून दिसायला हवी. तेव्हा तुम्ही विचाराल तर हे विचारा: येत्या पाच वर्षांत किती जण निवृत्त होणार, त्यांना किती द्यावं लागणार आणि त्यासाठी किती बाजूला ठेवलंय? टपरीवरच्या चार जणांनी मिळून हा प्रश्न लेखी दिला तर ‘निधी नाही’ या उत्तरावर कोणाला थांबता येणार नाही.

आम्ही पाचपावलीत राहतो. माझ्या सासूबाई सफाई कामगार होत्या. आधी ऐवजदार (रोजंदारीवर), मग 1988 मध्ये कायम झाल्या, 2022 ला रिटायर. शेवटचं बेसिक 36 हजार होतं. पेन्शन 18 हजार बसेल असं ऑफिसात सांगितलं होतं, पण स्लिपवर मूळ 10,800 च दिसते. कोणी पैसे खाल्ले का? त्या गेल्यावर सासऱ्यांना काही मिळेल का? आणि शेजारच्या बाई म्हणतात, तुमची मजा आहे, आमच्या टॅक्सवर बसून खाता. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पैसे कोणी खाल्लेले नाहीत, सासूबाईंना हे आधी सांगा. निवृत्त होताना त्यांनी 40 टक्के पेन्शन विकली असणार. कार्यालयात त्याला अंशराशीकरण म्हणतात. 18 हजाराचे 40 टक्के म्हणजे 7,200. तेवढ्या रकमेच्या बदल्यात त्यांना निवृत्तीच्या वेळी एकदम मोठी रक्कम मिळाली असेल. घर दुरुस्तीत किंवा लग्नात ती खर्चही झाली असेल, पण मिळाली होती, पासबुक मागे चाळून पाहा. उरले 10,800. ही कपात 15 वर्षं चालते, म्हणजे साधारण 2037 मध्ये पुन्हा पूर्ण 18 हजार सुरू व्हायला हवेत. तो महिना आजच घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. कार्यालयाकडून आपोआप होईल म्हणून बसू नका, अर्ज तयार ठेवा. एक गोष्ट मात्र स्लिपवर आत्ताच तपासा: महागाई भत्ता 10,800 वर नाही, पूर्ण 18 हजारावर मिळायला हवा.

सासऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. 36 हजाराचे 30 टक्के पुन्हा 10,800 च होतात, त्यामुळे घोटाळा करून घेऊ नका. विकलेल्या पेन्शनचा कुटुंब निवृत्तिवेतनाशी संबंध नाही. पेन्शनच्या आदेशावर सासऱ्यांचं नाव आहे का, आधार कार्डावर आणि तिथे ते सारखंच लिहिलंय का, दोघांचा जोडफोटो लावलाय का, एवढं सासूबाई हिंडत्या-फिरत्या असतानाच पाहून घ्या. नावातल्या एका अक्षरासाठी विधुर झालेल्या माणसाला महिनोन्‌महिने फेऱ्या मारताना मी पाहिलंय. दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकवू नका. आता तो मोबाइलवरही देता येतो.

आणि शेजारच्या बाईंसाठी. सासूबाई पहाटे झाडू घेऊन बाहेर पडायच्या तेव्हा हातमोजे, मास्क किती वर्षांनी मिळाले, ऐवजदार म्हणून रोजंदारीत किती वर्षं गेली, हे त्यांनाच विचारा. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी द्यावी अशी शिफारस लाड-पागे समितीने केली ती याच कामाचे हाल पाहून. हे काम दुसऱ्या कोणी खुशीने केलं नाही. त्यांच्या पेन्शनची लाज त्यांनी बाळगायची काही गरज नाही.

लाज वाटायची असेल तर ती आपल्याला वाटावी, आणि वेगळ्या कारणासाठी. आज तेच काम कंत्राटावर करणाऱ्या मुलीचं भविष्य ईपीएफच्या पेन्शन योजनेवर आहे. तिथे वेतन जास्तीत जास्त 15 हजारच धरतात. 20 वर्षं नोकरी झाली तर दोन वर्षं वाढवून 22 धरायची, 15 हजाराने गुणायचं आणि 70 ने भागायचं. उत्तर 4,714 रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही, म्हणजे ते वर्षानुवर्षं तेवढेच. तेही कंत्राटदार बदलत असताना प्रत्येकाने तिचा पीएफ नीट भरला तर. मध्येच तुटला तर किमान पेन्शन 1,000 रुपये, 2014 पासून तीच, आणि तीही दहा वर्षं भरली असतील तरच. सासूबाईंच्या स्लिपकडे बोट दाखवण्याआधी शेजारच्या बाईंनी आपल्या गल्लीत गाडीवर येणाऱ्या पोरीला एकदा तिचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा, नंबर आहे का ते विचारावं. तुम्हीही विचारा.

मी 2009 मध्ये लिपिक म्हणून लागलो. राहायला त्रिमूर्तीनगरात. पगारातून दर महिन्याला डीसीपीएसचे, म्हणजे नव्या अंशदान पेन्शन योजनेचे, पैसे कापतात. जुनी पेन्शन आम्हाला मिळणार नाही हे माहीत आहे. पण कापलेले पैसे कुठे आहेत हे कसं कळेल?

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तुम्हीही दिली असेल, मार्च 2023 चा संप आठवत असेलच. त्या मागणीचं पुढे काय व्हायचं ते होवो, तुमच्या हातात आहे ते आज करा.

1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापले जातात आणि नियोक्त्याने आपला हिस्सा घालायचा असतो. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हा हिस्सा 1 एप्रिल 2019 पासून 14 टक्के केला. तुमच्या नावाचा प्राण (पेन्शन खात्याचा) क्रमांक निघाला असेल तर त्याचं वार्षिक विवरण ऑनलाइन मिळतं. ते काढा आणि पगाराच्या स्लिपा घेऊन महिन्यामागे महिना लावून बसा. रविवारची एक दुपार जाईल. आपला हिस्सा स्लिपवर कापलेला दिसतो, पण विवरणात त्या महिन्यासमोर कार्यालयाचा हिस्सा रिकामा आहे का, हे पाहायचं. सुरुवातीच्या वर्षांचे, म्हणजे प्राण निघण्याआधीचे पैसे पुढे वर्ग झाले का, हेही. फट सापडली तर महिने लिहून लेखा विभागाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पुष्कळ ठिकाणी गडबड याच सुरुवातीच्या वर्षांत असते.

उशिरा भरलेल्या हिश्श्याचं नुकसान दुहेरी असतं. तुमची त्या काळातली वाढ बुडते, कारण पैसा गुंतलाच नाही. आणि ते नुकसान पुढे व्याजासकट भरून द्यायची वेळ आली तर तो पैसा मानेवाड्याच्या भाऊंच्या टॅक्समधूनच जातो. म्हणून हा प्रश्न एकट्या कर्मचाऱ्याचा नाही.

नरेंद्रनगर. मी एम. कॉम.ला आहे. मनपाचं बजेट मला स्वतः वाचायचं आहे. कोणाला भेटू?

कोणाला भेटायची गरज नाही, बजेट मनपाच्या संकेतस्थळावर असतं. एकूण आकडा पाच हजार कोटींच्या पुढे दिसेल. त्याने दिपून जाऊ नकोस, तो अंदाज असतो. त्याच पानावर मागच्या वर्षाचा ‘प्रत्यक्ष’ रकाना असतो, तो आधी वाच. अंदाजात घरटॅक्स किती धरला आणि हातात किती आला, यातली दरी पाहिलीस की उरलेलं बजेट किती विश्वासाने वाचायचं ते कळेल. मग निवृत्तिवेतनाची ओळ शोध आणि तिच्याजवळ घनकचरा, पाणी आणि परिवहन यांची कंत्राटी देणी मांड. असा तक्ता दहा वर्षांचा केलास तर तुझा प्रकल्प होईल, आणि मला तो वाचायला आवडेल.

संकेतस्थळावर नसलेले कागद पाहायचे असतील तर दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत अभिलेख पाहायला खुले ठेवावेत, असा 2018 चा शासन निर्णय आहे. त्याची एक प्रत सोबत ठेव. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘पेन्शनची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंस तर काहीच मिळणार नाही. ‘मागील तीन आर्थिक वर्षांत निवृत्तिवेतन व उपदानावर झालेला प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय’ असं लिही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं.

मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच बजेट मांडायचे आणि तेच मंजूर करायचे. सभागृहात उभं राहून कोणी विचारणारं नव्हतं. म्हणून त्या वर्षांचे ‘प्रत्यक्ष’ रकाने जास्त काळजीने वाच.

वाठोडा. सोयी मिळेपर्यंत टॅक्स भरायचा नाही, असं आमच्या लेआउटमधल्या लोकांनी ठरवलं आहे. बरोबर आहे का?

नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. कधीतरी अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल या भरवशावर राहू नका. योजना आली तरी मूळ कर सुटत नाही, आणि थकबाकी वाढत गेली तर जप्तीची नोटीस घरावरच येते. कराची आकारणी चुकीची वाटत असेल, क्षेत्रफळ जास्त लावलं असेल किंवा स्वतःच्या वापरातलं घर भाड्याचं दाखवलं असेल, तर झोन कार्यालयात लेखी हरकत द्या. टॅक्स मुदतीत आणि सवलत घेऊन भरा. मग त्या सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स एकत्र लावून, प्रत्येकीवर इंडेक्स क्रमांक ठळक करून, लेआउटच्या सोयींचं निवेदन द्या. शंभर घरांनी भरलेली रक्कम एका कागदावर बेरीज करून लिहा. त्या लेआउटला नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळालंय की नाही तेही आधी बघून ठेवा, कारण रस्ता कोणी करायचा हे त्यावर ठरतं आणि पहिला टोलवाटोलवीचा मुद्दा तोच निघतो.